आईनं दिल्याशिवाय

भोरच्या निबंधक कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी देवावर मनापासून चिडले होते. आमच्या मालूचं दत्तकपत्र नोंदवायला आम्ही दोघं गेलो होतो आणि साहेबांनी कागद परत केले होते. मालूला त्या जूनमध्ये शाळेत घालायचं होतं. दत्तकपत्र असल्याशिवाय तिच्या नावापुढे आमचं नाव लावता येणार नाही, असं हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं. निबंधक साहेब माणूस सौम्य होते. पण म्हणाले, "मुलीचे वडील हयात नाहीत, म्हणजे द्यायचा अधिकार फक्त आईचा. आजोबांनी दिलेली कायद्यात बसत नाही. आईला घेऊन या. तिनं आपल्या हातानं मुलगी दिली पाहिजे."

आम्हाला मूल नव्हतं. आंबवड्याच्या नागेश्वराला मी वर्षानुवर्षं सोमवारी जात होते आणि दर सोमवारी त्याच्याशी तेच ते भांडत होते. नव्या कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येते हे ह्यांना कळलं, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. आम्ही मात्र हुरळून गेलो. ओळखीतून गुंजवणे गावची ही पोर कळली. तिचा बाप विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता. दत्तकविधान आजोबांच्या घरी झालं. होम झाला आणि आजोबांनी दोन वर्षांच्या मालूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. तिची आई माजघराच्या दाराआड होती. नवरा गेलेल्या बाईनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, ही तेव्हाची रीत. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आली नाही. मी तिचा चेहराही पाहिला नाही. मालू आमच्याकडे वाढली, मला आई म्हणू लागली. आणि आता कायदा म्हणत होता की हे सगळं झालंच नाही, ती अजून त्या बाईचीच आहे. तिनं लेकीला पाहून नाही म्हटलं असतं, तर आम्हाला एक शब्द बोलायची सोय नव्हती.

मालूला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही एस.टी.नं मार्गासनीला उतरलो आणि पुढं चालत निघालो. ह्यांना कायद्याची कलमं पाठ, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटायची मारामार. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे होतं. आणि नेमकी माझ्याच चपलेनं टाच सोलली. गुंजवण्याला पोचलो तर आजोबा म्हणाले, "सून म्हायेरी गेलीया, वरल्या वाडीला." चढण मला जमण्यासारखी नव्हती. आजोबा ह्यांना घेऊन वर गेले आणि मी गावाबाहेरच्या देवीच्या देवळात बसून राहिले.

देवीपुढं हात जोडले आणि मला काय मागावं तेच सुचेना. 'पोर माझ्याकडेच राहू दे' म्हणावं, तर दुसऱ्या एका आईच्या विरुद्ध मागणं मागितल्यासारखं होत होतं. रडू मात्र आवरेना. तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन एक बाई डोंगराकडून आली. मोळी उतरवून पायरीवर टेकली. वयानं माझ्याहून लहान, कपाळ मोकळं. डोंगरातल्या गावांत अशा बाया काही कमी नव्हत्या; माझ्या मनात काही आलं नाही. "का वं रडता, बाई?" तिनं विचारलं. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं. मी सगळं सांगून टाकलं. मालू ताक प्यायल्याशिवाय जेवत नाही, झोपताना माझा पदर मुठीत धरते, गोवर आला तेव्हा मी किती घाबरले होते, हेसुद्धा. ती मध्येच विचारायची, "आता बरी हाय न्हवं?" मग म्हणाली, "आन तिच्या आईनं माघारी मागितली तर?"

हाच प्रश्न मी इतके दिवस मनात येऊ देत नव्हते. देवी समोर होती, खोटं बोलवेना. म्हटलं, "तिनं मागितली तर द्यावी लागेल. तिची आहे ती. मी कशी जगेन ते ह्या देवीला ठाऊक." हे तोंडातून निघालं आणि मला एकदम थकल्यासारखं, हलकं वाटलं. माझ्या हातात काही नव्हतंच. उगाच मी मुठी आवळून बसले होते.

ती पायरीवरून माझ्याजवळ सरकली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "म्याच तिची आय. समद्यांनी मिळून तिला दिली, बाई. म्या न्हाई दिली. मला कुनी इचारलंच न्हाई. रोज वाटायचं, पोर पळवून न्हेली माजी." मी उठू लागले. पण तिनं माझा हात धरला. "आता तुमी इचाराया आलासा. म्या येते."

ती दुसऱ्या पायवाटेनं उतरली होती. हे आणि आजोबा तिला वर शोधत होते. त्या दिवशी माझी टाच सोलली नसती, तर आमची गाठ त्या देवळात पडली नसती. हा योगायोग म्हणा. मी वाद घालत नाही.

ती भोरला आली, पण आमच्या उंबऱ्याबाहेर थबकली. "माजं पाऊल शुभाच्या कामाला चालत न्हाई." मी म्हटलं, "तुमच्यावाचून हे काम अडलंय, तरी चालत नाही कसं?" आणि तिला हाताला धरून देवांपुढं आणलं. मालूनं तिला ओळखलं नाही. तिनं मालूच्या केसांवरून हात फिरवला, तिला उचलून छातीशी धरलं, आणि मग माझ्या ओटीत घातलं. मीही नारळ आणि खण घेऊन तिची ओटी भरली. विधीला बोलावलेल्या भटजींनी भुवया उंचावल्या. ती पदर पसरून नुसती रडत होती.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं दिली ना, बाई?"

"व्हय साहेब," ती म्हणाली. "आज दिली."

अंगठा उठला, नोंद झाली, मालू आमच्या नावानं शाळेत गेली. त्या सोमवारी मी नागेश्वरासमोर बसले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. देवाला शरण जाणं म्हणजे काय, ते माझ्या इतक्या सोमवारांनी मला शिकवलं नव्हतं. पोटचं पोर दुसरीच्या ओटीत घालून जी 'आज दिली' म्हणाली, तिनं शिकवलं. देवापुढं हात जोडले की मी आधी तिचं नाव घेते, मग माझं.