पहिल्या गिऱ्हाइकाचा रेडिओ

सुदाम शेलारच्या टपरीवर सकाळी सर्वांत आधी जायचं मी कायम टाळत आलो. एकदा चुकून गेलो होतो. टेबल-लॅम्पला लावायला दोन पिनांचा प्लग मिळतो का, एवढंच विचारायचं होतं. प्लग त्याच्याकडे नव्हता. मी निघालो तर त्याने मला थांबवलं आणि पितळी खटक्यांची एक जुनी स्विचपट्टी पाच रुपयांना माझ्या पिशवीत टाकली. तिचं मला काही काम नव्हतं, आणि पन्नासाच्या खाली ती द्यायची वस्तू नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

‘‘बोणी आहे साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘पहिला माणूस रिकाम्या हाताने नाही पाठवायचा.’’

उल्हासनगरात कॅम्प चारच्या रस्त्याला त्याची सहा फुटांची टपरी होती. राहायला तो अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला, दोन खोल्यांत. मूळ काम रेडिओ दुरुस्तीचं. विशीत असताना एका सिंधी शेठच्या दुकानात लागला होता. शेठने त्याला तारांना कथिलाचा डाग देणं शिकवलं, व्हॉल्व्ह तपासणं शिकवलं आणि बोणी शिकवली. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची नाही, त्याला परत पाठवायचं नाही, तो म्हणेल त्यात द्यायचं. पुढे शेठ गेला, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, रेडिओ दुरुस्तीला कुणी आणेनासं झालं. मग सुदाम भंगारवाल्यांच्या ढिगातून जुनी घड्याळं, फोन, पंखे, कॅमेरे निवडून आणायचा, चालू करायचा आणि विकायचा. त्याचा हात असा होता की वीस वर्षं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ तो दोन दिवसांत टोल द्यायला लावी.

मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कंपनीत अकाउंट्समध्ये होतो. घर बदलापूरला. दोन हजार सातमध्ये माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर इंटरनेटसकट माझ्याकडे राहिला. त्यावर जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक वेबसाइट माझ्या पाहण्यात आली. सुदाम जो चकतीचा काळा फोन दीडशेला देत होता, तसाच फोन तिथे नऊशेला गेला होता. मी तीन आठवडे रोज भाव पाहिले, एका वहीत उतरवले आणि मगच त्याच्याकडे गेलो.

वेळ बरोबर होती. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या खुणा पडल्या होत्या आणि सुदामच्या टपरीवर लाल फुली आली होती. दिवाळीनंतर टपरी जाणार, हे नक्की होतं. दुसरी जागा भाड्याने घेण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणजे दिवाळीच्या आत वेबसाइटवर जम बसला तर त्याचा धंदा राहणार, नाही तर बावन्नाव्या वर्षी कुठेतरी वॉचमन म्हणून उभं राहायचं. मी त्याला असं स्पष्टच सांगितलं. खातं माझ्या नावाने उघडायचं, फोटो आणि मजकूर माझा, वस्तू आणि दुरुस्ती त्याची, चारातला एक हिस्सा माझा. तो सगळ्याला हो म्हणाला.

त्याची बायको कुंदा त्या दिवशी टपरीवर डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, ‘‘भाऊ, पण किंमतच लिहून टाका की. लिलाव कशाला?’’

मी तिला समजावून सांगितलं, की जुन्या वस्तूला ठरलेली किंमत नसते, दहा जण बोली लावतात तेव्हाच तिची खरी किंमत कळते. सात दिवसांची मुदत, सर्वांत मोठी बोली ज्याची त्याला वस्तू. कुंदाने मान डोलावली. सुदाम स्क्रू शोधत होता. त्याने ऐकलं असावं असं मला वाटलं.

पहिली वस्तू, एक टेबल-पंखा, नीट गेली. दुसरी वस्तू रॉकेलचा, वातीचा पितळी स्टोव्ह होती. एक्कावन्न रुपयांपासून सुरू झालेली बोली सहाशे चाळीसवर संपली. चंदीगडच्या एका बाईंनी पैसे भरले. मी सुदामला कुरिअर करायला सांगितलं, तर तो म्हणाला, ते मागच्या मंगळवारीच केलं. मंगळवारी लिलाव चालू होता. चौकशी केल्यावर उलगडा झाला. पहिली बोली लावणाऱ्या साताऱ्याच्या माणसाने वातीबद्दल एक प्रश्न पाठवला होता, खाली फोन नंबर दिला होता. उत्तर सुदामलाच माहीत असणार म्हणून मी तो प्रश्न छापून त्याच्या हाती दिला होता. सुदामने फोन लावला, वातीचं सांगितलं, पत्ता घेतला आणि स्टोव्ह एक्कावन्न रुपयांत पाठवून दिला.

चंदीगडच्या बाईंची तक्रार आली. त्यांचे पैसे परत केले. मी त्याला लिलाव म्हणजे काय ते पुन्हा सांगितलं, या वेळी कागदावर आकृती काढून. पहिली बोली ही फक्त सुरुवात असते, ती गिऱ्हाइकी नव्हे. त्याने आकृती बराच वेळ पाहिली.

‘‘म्हणजे जो पहिला आला, त्याला आपण सात दिवस उभा करायचा,’’ तो म्हणाला, ‘‘आणि मग म्हणायचं, जा?’’

‘‘हो.’’

‘‘शेठने हाकलला असता मला.’’

पुढच्या महिन्यात एका कॅमेऱ्याच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. दुसरी तक्रार आली. वेबसाइटचं पत्र आलं, की तिसऱ्या तक्रारीला खातं कायमचं बंद होईल. माझ्या नावाचं खातं. पस्तीस वर्षांत माझ्या नावाने कुठे साधा शेरा नाही. मी ते पत्र छापून टपरीत त्याच्या डोळ्यांसमोर चिकटवलं. त्याच्याकडून वचन घेतलं की तो कुठल्याही बोलीवाल्याला स्वतःहून फोन करणार नाही. ते वचन त्याने पाळलं, हे मी सांगितलंच पाहिजे.

ऑगस्टमध्ये त्याला तो रेडिओ सापडला. अंबरनाथला जुन्या क्वार्टर्समधून कुणी घर रिकामं करत होतं, तिथून. सागवानी पेटी, स्टेशन लागलं की उजळणारा हिरवा डोळा, पुढच्या काचेवर जगभरच्या शहरांची नावं. उंदरांनी आतल्या तारा खाल्ल्या होत्या. सुदाम तीन आठवडे त्यावर बसला. तारा बदलल्या, पुढचं कापड एका जुन्या सोफ्याचं काढून बसवलं, पेटीला हाताने पॉलिश केलं. तो सुरू झाला तेव्हा शेजारचा पापडवाला काम सोडून आला आणि आम्ही तिघं त्या हिरव्या डोळ्याकडे बघत बसलो. अशा रेडिओंना वेबसाइटवर सात-आठ हजार येत होते. एक असा व्यवहार नीट झाला की आमच्या खात्याला वजन येणार होतं आणि जुन्या रेडिओंचे शौकीन आम्हाला ओळखणार होते. दिवाळीला सात आठवडे होते.

मी तो रेडिओ बदलापूरला माझ्या घरी आणून ठेवायला हवा होता. पण त्याच्या चार बटणांपैकी एक नव्हतं आणि तसंच बटण मिळेपर्यंत तो हलवू नका, असं सुदाम म्हणाला. मीही ऐकलं. दुसरी चूकही माझीच. वर्णनात काही दडवलेलं असू नये, म्हणून मी एक बटण कमी असल्याचं लिहिलं आणि खाली टपरीचा संपूर्ण पत्ता देऊन लिहिलं, की वस्तू प्रत्यक्ष पाहता येईल. बोली तीनशे एकपासून सुरू केली.

रविवारी संध्याकाळी सहाला लिलाव संपायचा होता. शनिवारी दुपारी बोली आठ हजार चारशेवर होती. बंगळुरूचे एक गृहस्थ वर चढत होते. ऑफिस सुटल्यावर मी रिक्षा करून टपरीवर गेलो, रेडिओच्या पॅकिंगसाठी थर्माकोल घेऊन. फळीवर रेडिओच्या जागी एक इस्त्री होती.

मी काही विचारायच्या आत सुदाम म्हणाला, ‘‘मी फोन नाही केला साहेब. तो स्वतः आला.’’

बुधवारी मुरबाडहून एक तरुण आला होता. कमळाकर देसले, विमा एजंट. हातात वेबसाइटचं पान छापून आणलेलं. रेडिओ बघायला आलोय म्हणाला. सुदामने त्याला विचारलं, बोली लावली आहे का. लावली आहे, म्हणाला. कितवी? पहिली. त्या दिवशी सकाळपासून टपरीवर दुसरं कुणी आलेलं नव्हतं. म्हणजे वेबसाइटवरही तो पहिला आणि टपरीवरही तोच. सुदामने रेडिओ चादरीत बांधला, तीनशे एक घेतले आणि मुरबाडच्या जीपपर्यंत स्वतः उचलून नेला.

‘‘तो मागत होता का तुझ्याकडे?’’ मी विचारलं.

‘‘नाही. तो घाबरलाच थोडा.’’

भिंतीवर वेबसाइटचं पत्र होतं. मी त्याकडे बोट केलं. सुदाम म्हणाला, की पत्र त्याने रोज वाचलं, पण त्यात पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी थर्माकोल खाली ठेवला. माझा आवाज चढला असावा, कारण पापडवाला डोकावून गेला. मी सुदामला म्हणालो, की ही टपरी जाणार आहे, आता हे खातंही जाणार, मग तुझी बोणी घेऊन तू कुठे बसणार आहेस? तो इस्त्रीची वायर गुंडाळत राहिला.

कमळाकर देसलेचा नंबर त्याच्याकडे होता. मी तिथूनच माझ्या मोबाइलवरून लावला. तो सरळ बोलला. ‘‘काका, मी फक्त बघायला आलो होतो. त्यांनीच बांधून दिला, नको म्हटलं तरी.’’ मी म्हणालो, काही चूक झाली आहे, तुमचे पैसे आणि वर हजार रुपये देतो, रेडिओ परत द्या. त्याने विचारलं, आता बोली किती आहे? मी आकडा सांगितला. खोटा सांगायला हवा होता, पण ते मला वेळेवर सुचत नाही.  मग तो म्हणाला, घरच्यांना विचारून कळवतो. त्याने कळवलं नाही.

रविवारी लिलाव जिंकलेल्या बंगळुरूच्या गृहस्थांना मी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. माझ्या नोकरीत मी इतकं अवघड पत्र कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी दोन ओळींची तक्रार केली. गुरुवारी खातं बंद झालं. दिवाळीनंतरच्या सोमवारी टपरी गेली.

दोन महिने मी सुदामकडे गेलो नाही. रागावलो होतो हे खरं आहे, आणि राग कोणत्या रकान्यात टाकायचा ते कळत नव्हतं, हेही खरं आहे. त्याने मला फसवलं नव्हतं. एक पैसा खाल्ला नव्हता. डिसेंबरात एका रविवारी सवयीने वेबसाइट उघडली आणि हिरव्या डोळ्याचा रेडिओ समोर आला. फोटो मी काढलेला. वर्णनही माझंच, शब्दाला शब्द, फक्त कमी असलेल्या बटणाचं वाक्य काढून टाकलेलं. विकणारा: के. देसले, मुरबाड. तीनशे एकपासून सुरुवात, अजून एकही बोली नाही.

मी ते पान छापून सरळ अंबरनाथला गेलो. शिवमंदिराच्या रस्त्याला उतरताना मनाशी ठरवलं होतं, की एक शब्द बोलायचा नाही, फक्त कागद पुढे करायचा. सुदाम घरातच काम करत होता. दाराशी पंख्यांची पाती, पलंगाखाली फोन. कुंदा म्हणाली, ‘‘या भाऊ. जागा मिळेल तिथे बसा. आमच्याकडे आता घड्याळं बसतात आणि माणसं उभी राहतात.’’

सुदामने कागद वाचला. मी वाट बघत होतो. त्याने विचारलं, ‘‘अजून कुणाचीच बोली नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आपण लावू. पहिली आपली.’’

मला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याचा चेहरा तसा नव्हता. मी त्याला म्हणालो, की तो मुलगा तुझ्याकडून तीनशेला नेलेला रेडिओ आठ हजारांना विकायला बसलाय. सुदाम म्हणाला, विकू दे, त्याचा माल आहे, पण पहिल्या माणसाला तो परत कसा पाठवेल? त्याला स्वतःला तसाच तर मिळाला.

यापुढे समजावण्यात अर्थ नव्हता. सात दिवसांत त्याला स्वतःच कळेल, असं मी ठरवलं. शिवमंदिराजवळच्या सायबर कॅफेत सुदामच्या नावाने नवीन खातं उघडलं आणि तीनशे एकची बोली लावली. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे ‘पहिली बोली’ असं आलं, ते त्याने दोनदा वाचायला लावलं. त्या आठवड्यात तो उल्हासनगरातली भंगाराची गोदामं पालथी घालून ते चौथं बटण शोधून आला. कुंदाने मला फोनवर सांगितलं, की त्याने रेडिओसाठी पलंगाशेजारचा कोपरा रिकामा केलाय.

रविवारी आम्ही तिघं सायबर कॅफेत बसलो. बोली नऊ हजार शंभरवर संपली. घेणारा कोलकात्याचा होता.

सुदामने कॅफेच्या दाराशी जाऊन माझ्या मोबाइलवरून मुरबाडला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. सुदाम फक्त एवढंच बोलला, ‘‘पहिली बोली माझी होती... हो... हो, बरोबर आहे तुझं.’’ मग त्याने खिशातून बटण काढलं आणि फोनवरच देसलेला विचारलं, हे बटण कुठल्या पत्त्यावर पाठवू, त्याशिवाय तो कोलकात्याचा माणूस नाराज होईल. पत्ता त्याने माझ्याकडच्या कागदावर लिहून घेतला.

तो परत येऊन बसला. कुंदाने पाण्याची बाटली पुढे केली. मला जे म्हणायचं होतं ते मी इतके दिवस तयार ठेवलं होतं. ते म्हणायची गरज उरली नव्हती आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही.

‘‘त्याला शेठ नाही भेटला,’’ सुदाम म्हणाला.

मग कुंदा मला म्हणाली, ‘‘भाऊ, मी तेव्हाच म्हटलं होतं. किंमत लिहा. पहिला येईल त्याला द्या. दुसरा येणारच नाही, मग भांडण कुणाशी?’’

वेबसाइटवर तशी सोय पहिल्या दिवसापासून होती. लिलावाच्या चौकोनाखालीच दुसरा चौकोन, ठरावीक किमतीचा. मी तो रोज पाहत होतो. त्यात वस्तूला चांगला भाव येत नाही, आजही येत नाही. दोन हजारांची वस्तू आम्ही हजाराला देतो आणि माझ्या वहीत तो फरक दर महिन्याला दिसतो. पण त्या संध्याकाळी मी त्या चौकोनात खूण केली. टोलाचं भिंतीवरचं घड्याळ, सातशे रुपये. अर्ध्या तासात नाशिकच्या एकाने घेतलं.

सुदामने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, ‘‘या खात्यावरचं पहिलंच ना हे गिऱ्हाईक?’’

मी म्हणालो, हो.

‘‘मग वीस रुपये कमी करा साहेब.’’

किंमत ठरावीक आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं. कॅफेवाला दिवे बंद करायला लागला होता. मी नाशिकच्या माणसाला वीस रुपये परत पाठवत असल्याचं लिहिलं आणि कारणाच्या जागी काय लिहावं ते न सुचून ती जागा कोरी सोडली.