धुरा मोडला तर मोडू दे

नागपूरच्या मैदानावर, अडथळ्यांच्या शर्यतीच्या पहिल्या फेरीत माझी नात जेमतेम तरली. प्रत्येक अडथळ्यावरून ती हातभर उंच उडत होती आणि बाकीच्या पोरी अडथळ्याला घासून सपकन पुढे जात होत्या. तिचे सर माझ्यादेखत म्हणाले, "संध्याकाळी अशीच धावलीस तर बॅग भरून ठेव." संध्याकाळी पहिल्या तिघींत आली तरच मोठ्या शिबिरात जागा होती. नाहीतर आमच्या गावी, करडीला परत, आणि विषय संपला.

मी कठड्याला टेकून बसले. पिशवीत आमच्या गावदेवीचा, मातामायचा नारळ होता. खरं सांगते, तो फेकून द्यावासा वाटला. इतकी वर्षं कडुनिंबाखालच्या त्या शेंदराच्या दगडापुढे दिवा लावला, आणि ऐन वेळी ती गप्प. मनात म्हटलं, तुला जमत नसेल तर सांग, मी हात जोडणं बंद करते.

शेजारी एक अनोळखी बाई शेंगा खात होती. तिने विचारलं, "हिरव्या बनियानवाली तुमची नात हाये का?"

"हो."

"काहून एवढी उंच उडून राहिली वं माय? ओल्या धुऱ्यावरून चालली का?" आणि हसली.

आधी मला राग आला. मग ध्यानात आलं. पोरगी उड्या मारायला शिकली ती आमच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत. रोवणीआधी धुऱ्यांना, म्हणजे मधल्या बांधांना, ओला चिखल लावतात. त्यावर पाय पडला की धुरा फुटतो आणि बांधीतलं पाणी निघून जातं. ती चालायला लागली तेव्हापासून मी ओरडत आले, "धुऱ्याले पाय लावशील तर तंगडी मोडीन!" अडथळा चुकून पडला तरी चालतो, हे सरांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. ते डोक्याला कळलं, पायांना नाही.

मी उठून तिच्याकडे गेले. "पोरी, आज धुरा मोडला तर मोडू दे. पाणी गेलं तर जाऊ दे. बांधायले मी आहो न."

तिने विचारलं, "तंगडी नाही न मोडणार, आजी?"

"नाही. पळ."

संध्याकाळी दुसराच अडथळा तिच्या गुडघ्याने आडवा झाला. तिने मागे पाहिलं नाही. पुढे आणखी एक पडला. पोरगी वाऱ्यासारखी सरळ सुटली होती. पहिली आली. सरांनी आनंदाने ज्याला मिठी मारली तो बहुतेक पंच होता.

मी वळून पाहिलं तर बाई नव्हती, शेंगांची टरफलं होती. तिची बसची वेळ झाली असेल. मी शोधलं नाही. गावी येऊन नारळ फोडला आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. जपायचं कसं ते मला येत होतं. सोडायचं कसं ते मातामायने एका बाईच्या तोंडून सांगितलं, असं मी धरून चालते.

आता नात देशोदेशीच्या पोरींसोबत मोठ्या शर्यती धावते. अजूनही एखादा अडथळा पाडते. ती तिकडे धावते आहे, आणि मी इथे करडीत धुऱ्याला चिखल लावते आहे.