जाळीबाहेरची पहाट

आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर वटवाघळं राहायची. झाडलोट करणाऱ्या शांताबाईंनी एकदा तिथली वाळलेली विष्ठा झाडूनं लोटली. धूळ नाकातोंडात गेली आणि काही दिवसांत त्या ताप-खोकल्यानं अंथरुणाला खिळल्या. "फुप्फुसात बुरशी गेलीय," डॉक्टर म्हणाले. त्या वाचल्या, पण जिना चढताना आता मध्येच थांबतात.

वटवाघळं हलवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "आत्ता पिल्लं आहेत. ती उडायला लागेपर्यंत थांबा." आम्ही थांबलो. मग त्यांनी छपराच्या फटीवर अशी जाळी सोडली, की बाहेर पडता येईल, पण परत शिरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि शांताबाई अंगणात उभ्या होतो. वटवाघळं परतली. जाळीला पंख घासत पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊ लागली. उजाडत गेलं तशी कमी झाली. शेवटी एकच उरलं, जाळीला लोंबकळत.

"बाई, आता कुठं जाईल हे?" शांताबाईंनी विचारलं.

एकालाही इजा झाली नाही, हे खरं. तरी अजून पहाटे जाग येते आणि वाटतं, कुणीतरी आपल्याच घराबाहेर आत शिरायची वाट चाचपडतंय.