वायरलेसची पूजा

पुण्याच्या ऑफिसात मी "करून राहिलो" म्हटलं की लोक हसायचे. मला तिथं राहायचंच नव्हतं. नोकरी सोडून गोंदियाला आलो, राईस मिलना कंट्रोल पॅनल बनवून द्यायचं दुकान टाकलं आणि वर्षभर माशा मारल्या. शेवटी बायकोशी ठरलं: दवनीवाड्याकडच्या मिलचं काम दसऱ्यापर्यंत जमलं तर इथंच, नाहीतर परत पुणे. तिनं बॅग भरूनच ठेवली. नवऱ्याला हुरूप यावा असं काही ते दृश्य नव्हतं.

त्या मिलमध्ये पाण्याची टाकी धान वाळवायच्या अंगणापलीकडं होती आणि पंपाचं पॅनल मिलच्या आत. टाकी भरली की रिकामी, हे पॅनलला कळवायला वायर टाकली की उंदीर ती खात. राईस मिलमधले उंदीर ते, पोट भरलेले, नुसत्या हौसेनं कुरतडत. जमिनीखाली पुरली, पाइपातून नेली, तरी खाल्ली. म्हणून मी वायरलेस सुचवला. मोबाइलचे टॉवर तेव्हा नुकते उभे राहत होते. टाकीवर एक डबा, मिलवर एक डबा, दोन्हींना अँटेना, मधे नुसती हवा.

मालक खूश झाले. "जे दिसूनच नाही राहिलं, ते उंदीर काय खाईन!" दसऱ्याला सोनं द्यायला आसपासचे मिलवाले यायचे होते, त्यांना ते हा चमत्कार दाखवणार होते. त्यातल्या एकानं जरी हो म्हटलं असतं तरी माझं दुकान तरलं असतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मालकीणबाई ताट घेऊन फिरत फिरत माझ्या डब्याशी आल्या.

"याच्यात काम कोण करते?"

"दोन डब्यांच्या मधून सिग्नल जातो, काकू."

"मंग पूजा मधातल्याची कराले पाहिजे न."

मधे काहीच नाही, असं मी सांगून पाहिलं.

"काहीच नाही तं पंप कसा चालून राहिला?"

इंजिनीअरिंगला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

हवेला हार घालायचा तर तो टांगायला काहीतरी हवं. दोरा तुटला, म्हणून लोखंडी तार आली. मिलच्या छपरापासून थेट टाकीवरच्या माझ्या डब्यापर्यंत, अख्ख्या अंगणावरून झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. त्यात रिवाजाप्रमाणं नव्या धानाच्या लोंब्या. छान दिसत होतं. मीही हात जोडले.

दसऱ्याला पाहुणे अंगणात जमले आणि पंप बंद. सिग्नल तुटला तर पंप थांबावा, ही अक्कल मीच त्यात घातली होती. शिडी लावून टाकीवर चढलो. डब्यातून अँटेनाला जाणारी वायर साफ कुरतडलेली. आणि तोरणाच्या तारेवरून एक गलेलठ्ठ उंदीर, तोंडात लोंबी धरून, तोल सावरत मिलकडं परत चालला होता. पाहुणे माना वर करून कौतुकानं बघत होते. मला रडू आलं. खरंच आलं, डोळ्यांसमोर ती भरलेली बॅगच होती.

"ही तार काढू का?" मी वरूनच विचारलं.

"पूजेची तार काऊन काढता जी?" मालक खालून ओरडले. "आता तार आहेच, तं तिच्यावरूनच न्या न सिग्नल!"

वाद घालायचं बळ नव्हतं. तोरणाच्या तारेला बांधत बांधत साधी केबल नेली आणि उंदीर अडवायला दोन्ही टोकांना पत्र्याच्या थाळ्या बसवल्या. पंप घूं करून सुरू झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मिलवाल्यानं माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "आमच्या इथंबी असाच वायरलेस लावून द्या."

"पण याच्यात तार आहे," मी म्हणालो.

"ते तं पूजेची आहे न," मालक मधेच बोलले.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. "चालला का वायरलेस?"

"नाही. तार टाकून आलो. आणि आणखी एक काम मिळालं."

ती आत गेली, बॅगची चेन उघडली आणि माझे शर्ट एकेक करून कपाटात ठेवू लागली.

"तारच टाकाची होती," ती म्हणाली, "तं वर्षभर वेळ काऊन लावला?"