वॉल्टचं पेन्शन राहू दे

रॉन्डा झेलिन्स्की हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकोणतीस वर्षं ओल्या चादरी ओढत होती. उजवा खांदा कधीच कामातून गेला होता. आता ती डाव्याने ओढायची, आणि डावाही कुरकुरायला लागला होता. पुढच्या महिन्यात तिला बासष्ट पूर्ण होणार होती.

नवरा वॉल्ट रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर. सत्तरीपर्यंत थांबलं की सरकारी पेन्शन भरघोस मिळतं, असा त्याचा हिशेब. तो त्रेसष्टाव्या वर्षी गॅरेजमध्ये बर्फ काढायचं फावडं हातात घेऊन खाली बसला, तो उठलाच नाही. पेन्शनचा एक डॉलरही त्याने पाहिला नाही.

साठाव्या वर्षापासून विधवेला नवऱ्याचं पेन्शन घेता येतं. रॉन्डा तेव्हा एरी शहरातल्या पेन्शनच्या ऑफिसात गेलीही होती. पार्किंगमध्ये गाडीत बसून फॉर्म वाचला. ‘विधवा’ या चौकटीत खूण करायची होती. वॉल्टला जाऊन चार महिने झाले होते. तिने फॉर्म बाजूच्या सीटवर ठेवला आणि गाडी वळवून थेट, त्या दिवसापुरत्या बदलून घेतलेल्या दुपारच्या पाळीला गेली.

“दोन वर्षं फुकट घालवलीस,” तिची नणंद बर्निस दर रविवारी ऐकवायची. “माझा भाऊ थांबला, त्याला काय मिळालं? तू तरी घे की बाई. उद्याचं कुणी बघितलंय?”

“घेते गं.”

“कधी? मी मेल्यावर?”

शेवटी एका बुधवारी रॉन्डाने रजा टाकली. लग्नाचा दाखला, वॉल्टच्या मृत्यूचा दाखला आणि पगाराच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या. त्याच ऑफिसात खिडकीमागे केस बारीक कापलेली, तिशीची एक बाई होती. तिने सगळे कागद शांतपणे पाहिले.

“दोन वर्षं वाया गेली ना माझी?” रॉन्डाने स्वतःच विचारलं.

“नाही हो. तुम्ही पूर्णवेळ नोकरी करत होतात. त्यामुळे पेन्शनमधून बरंच कापलं गेलं असतं. उलट थांबलात म्हणून मिस्टरांचं आता वाढलंय.”

दोन वर्षं रॉन्डा स्वतःला मूर्ख समजत आली होती.

“दोन्ही एकदम मिळत नाहीत,” बाई म्हणाली. “पण एक आधी, दुसरं नंतर असं करता येतं. तुमचं स्वतःचं बासष्टपासून मिळतं, पण ते लहान आहे. ते आत्ता घेतलंत तर कायमचं कमीच राहील. पण मिस्टरांचं त्याने कमी होत नाही. ते सदुसष्टाव्या वर्षी पूर्ण मिळेल. नाहीतर मिस्टरांचंच आत्ता घ्या, थोडं कापून. काम सोडणार आहात का?”

“तीन दिवसांवर येईन म्हणते. खांदा ऐकत नाही.”

“मग कमाई मर्यादेत बसेल तुमची, पेन्शन कापलं जाणार नाही.”

रॉन्डाने वॉल्टचा दाखला पाकिटात परत सरकवला. “माझं द्या. त्याचं राहू दे.”

“फक्त स्वतःचं मागताय, असं फॉर्मवर स्पष्ट लिहूया. म्हणजे घोळ होणार नाही.”

त्या रविवारी बर्निसने बटाट्याचं सारण भरून उकडलेले पिरोगी बशीत वाढले आणि कपाळाला हात लावला. “सदुसष्ट? आणि तोवर जगली नाहीस तर?”

“तर नाही जगले.”

“वॉल्टसारखीच आहेस तू. हट्टी.”

“त्याने सगळंच ठेवलं होतं गं नंतरसाठी. मी निम्मं ठेवलंय.” रॉन्डाने पिरोगी तोडला. बर्निसने आंबट क्रीम तिच्याकडे सरकवलं.

लाँड्रीतल्या सुपरवायझरने मंगळवार आणि गुरुवार सुट्टी दिली, कुरकुरत का होईना. पहिल्या मंगळवारी सवयीने पहाटे साडेचारला जाग आली. रॉन्डा पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसली, बूट शोधायला लागली. मग आठवलं. ती पुन्हा आडवी झाली, दुखणारा खांदा वर ठेवून, आणि साडेदहापर्यंत झोपली.