जाते तर आहे गाडी

माझी पिकअप वयानं माझ्यापेक्षा मोठी आहे. तिचं बोनेट उघडायला दोन हात आणि एक शिवी लागते. मूर्तिजापूरच्या एका चाचांकडून आमच्या चळवळीच्या गटानं ती वर्गणी काढून घेतली. किल्ली देताना चाचा म्हणाले होते, "बेटी, हिले डांबरी रस्त्यावर जास्त नेऊ नको. लाजते ते."

तेव्हा आम्ही पाच जण होतो. केबिनमध्ये तिघं, मागे दोघं, पत्रकांचे गठ्ठे आणि घोषणा. मग एकाला पुण्यात नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, दोघं "सध्या अभ्यास करून राहिलो" म्हणत अमरावतीच्या राजापेठेतल्या क्लासच्या जिन्यात गडप झाले. उरले मी आणि गाडी. डावीकडची काच वर चढत नाही, म्हणून तिथं पोतं लावलंय. पावसात ते भिजतं आणि शेजारी कोणी पेंगत बसल्यासारखं डुलत राहतं.

आमची मागणी एका पांदणीची होती. पांदण म्हणजे गावातून शेतांकडे जायची वाट. अकोल्याच्या बाजूच्या एका गावाची पांदण पावसाळाभर बंद असते आणि नाल्यापलीकडचा माल शेतातच अडकतो. तिथं पक्का रस्ता हवा, एवढंच मागणं. काळी माती भिजली की चाक आणि मडगार्डच्या मधे ठासून भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. माझ्या गाडीचे पुढचे मडगार्ड त्यासाठीच काढलेले. गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढून चारही चाकांना जोर द्यायचा, एकाच गिअरात राहायचं, मधे थांबायचं नाही. थांबलात की रुतलात. पण अशी गाडी गावात कोणाकडे आहे? म्हणून पत्रकाची पहिलीच ओळ मी ठळक छापली होती: या रस्त्यानं एकही वाहन जात नाही.

पांदणीची सरकारी पाहणी पावसाळ्यातच व्हावी म्हणून मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. अखेर साहेब आले, नव्या पांढऱ्या गाडीतून. पहिल्याच वळणावर ती गाडी पोटापर्यंत बसली. यापेक्षा चांगलं पत्रक मी जन्मात लिहिलं नसतं!

"राहू द्या," गाडी काढायला धावलेल्या गावकऱ्यांना मी हळूच म्हटलं. "बसू द्या थोडा वेळ तिथंच."

ज्यांचं शेत पांदणीच्या पार टोकाला आहे त्या काकू माझ्यावरच उखडल्या. "काहून वो ताई? पावन्याले चिखलात बसवून ठेवतेत का कुठं?"

"काकू, तो पाहुणा नाही. पाहणीला आलाय."

"गावात आला ना? मंग पावनाच."

झालं. घराघरातून पऱ्हाट्यांचे भारे निघाले. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून जपून ठेवलेली. ते सरपण या लोकांनी चिखलात अंथरलं, साहेबांना माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर चढवलं आणि मला हुकूम सोडला, "काढ ताई गाडी. शेतात भाकर ठेवली हाय."

मी काढली. सगळं गाव हात जोडून पाहुणचार करत असताना नाही कसं म्हणणार? निदान गाडीनं तरी तेव्हा रुसायचं ना! पण नाही. गुरगुरली, आडवी घसरली, नाल्यात उतरली आणि पलीकडे चढलीसुद्धा. साहेबांनी भाकर-ठेचा खाल्ला, ढेकर दिला आणि म्हणाले, "वा! जाते तर आहे गाडी."

अहवालात तेच आलं. रस्ता वाहतुकीस योग्य. प्रस्ताव बाजूला.

मी रागानं धुमसत होते आणि पानठेल्यावर एक जण दात काढत होता, "ताई, तुमच्या पत्रकात खोटं हाय ना. एक वाहन तर जाते!"

मग गाव माझ्या गाडीवरच चालायला लागलं. खत न्यायचं, लाव ताईले फोन. फवारणीचं पाणी न्यायचं, लाव ताईले फोन. सोयाबीन कापून पडलं आणि वर ढग दाटले, तेव्हा काकूंचा फोन आला. भिजलं की शेंगेतच कोंब फुटतात, म्हणून गेले. सगळी पोती कोरडी घरात पडली. लोक आपापल्या दारात शिरले, चुलींचा धूर निघाला आणि मी चिखलानं माखलेल्या केबिनमध्ये एकटी बसून राहिले. दिवसभरात रस्त्याचा विषय एकानंही काढला नव्हता. आणि का काढावा? ही गाडी जोवर जाणार, तोवर रस्ता होणार नाही. तिचा दणकटपणा आमच्याविरुद्धचा पुरावा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी न धुताच कचेरीच्या दारात नेऊन उभी केली. आवारभर ढेकळं पडली. साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"हे काय?"

"तुमचा रस्ता. आता तुम्हीच न्या लोकांना."

"अहो मॅडम, मला असली गाडी चालवता येत नाही."

"गावातही कोणाला येत नाही."

बाहेर आले. खिडकीतलं पोतं वाऱ्यानं हलत होतं. मागे न बघता स्टँडवर गेले, अमरावतीची एसटी पकडली.

संध्याकाळी काकूंचा फोन. "ताई, तुरीले फवारा माराचा हाय. कवा येता?"

"गाडी साहेबांकडे आहे. त्यांनाच फोन करा."

काकूंनी पलीकडे ओरडणाऱ्या बकरीला हाकललं आणि विचारलं, "रागावली का वो पोरी?"

"हो."

"बरं. करतो त्याले फोन. साऱ्या गावालेच कराले लावतो."

साहेबांचा फोन तेव्हापासून वाजतोच आहे म्हणतात. फेरपाहणी लागली आहे. रस्ता मंजूर झालेला नाही, आणि होईपर्यंत किल्ली मी परत घेणार नाही. आता बैठकांना एसटीनं जाते. मोठा खड्डा आला की डावा पाय आपोआप क्लच शोधतो, आणि शेजारची बाई आपले पाय आवरून घेते.