दोह्याचा थांबा

एसटीत बसली की रजियाखाला ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरते. तुडील ते महाड हा रस्ता तिचा जन्मभराचा, तरी दर वळणावर कंडक्टरला विचारणार, "आलं काय रे?" कंडक्टर जुना असला तर म्हणतो, "खाला, महाड कुठं पळून जात नाय." नवा असला तर नुसताच बघतो. मुंबईच्या गाडीत तिची आणखीच तऱ्हा. हायवेला हॉटेलपाशी गाडी थांबते, अख्खी गाडी चहा-वडापावला उतरते, आणि ही आत एकटी, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून. नड लागली तरी उतरायची नाही.

"गाडी गेली म्हंजे?" ती म्हणते. "इथं मला कोन ओळखतं?"

अशा बाईला वाटेत विमान बदलायचं होतं. तेही एकटीनं.

तिची लेक माहरुख केपटाउनला असते. तिसऱ्या खेपेला सातवा लागला आणि डॉक्टरनं तिला बिछान्यातून उठायचीच मनाई केली. घरात दोन लहान पोरं, नवरा दिवसभर दुकानात. रजियाखालाचा व्हिसा आला. बरोबर जाणार होता तिचा मुलगा शहबाज, त्याचा आला नाही. मुंबईहून केपटाउनला सरळ विमान मिळत नव्हतं. मधे कुठंतरी उतरून दुसरं धरायचं, म्हणजे म्हातारीनं ते कसं धरायचं, ही सगळी काळजी शहबाजनं आईला बरोबर नेऊन महाडच्या बाजारात नझीरभाईच्या टेबलावर ठेवली.

नझीर तिकिटांचं काम करतो. उमऱ्याला जाणारे, आखातात परतणारे, लेकाकडे निघालेले आईबाप, सगळे त्याच्याकडेच. म्हातारं माणूस दिसलं की तो आधी गुडघ्यांची चौकशी करतो, मग पासपोर्ट मागतो.

"हे दीड तासाचं कनेक्शन आहे, हे नको," कॉम्प्युटरचा पडदा शहबाजकडे फिरवत तो म्हणाला. "म्हातारं माणूस विमानातनं सगळ्यांच्या मागून उतरतं. दीड तास तिथंच जातो. आणि हे अकरा तासांचं स्वस्त आहे, तेही नको. पाय सुजतात, मन बिथरतं. हे बघ, चारेक तासांचं. चाकाची खुर्ची घेऊन माणूस दारात उभा असतो. त्यानं हलके हलके न्यायचं, नमाज होते, चहा होतो. बॅगेला हातसुद्धा लावायचा नाही. मुंबईत दिली की ती थेट केपटाउनला."

"खुर्ची कशाला?" रजियाखाला म्हणाली. "मी काय लंगडी हाय?"

"खुर्ची पायांसाठी नाही, खाला. खुर्चीवाल्याला रस्ता माहीत असतो."

हे तिला पटलं. ती थोडी सैल बसली. मग विचारलं, "मधे थांबतं ते गाव कुठलं?"

"दोहा."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शहबाजनं मान खाली घातली. नझीरच्या लक्षात आलं, पण उशिरा.

शहबाजचे अब्बा दोह्याला एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. शहबाज दुसरीत आणि माहरुख पाळण्यात असताना एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मयताला ताटकळत ठेवू नये म्हणून बरोबरच्यांनी दुसऱ्याच दिवशी तिकडेच माती दिली. तुडीलात तेव्हा घरी फोन नव्हता. फोन आला पोलादपूरला, रजियाखालाच्या बहिणीकडे. बहीण एसटीनं महाड, महाडहून तुडील करत येऊन पोचली तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. खालानं नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही, जनाजा पाहिला नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून बांगड्या उतरवल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून विधवेच्या एकांताला, इद्दतीला बसली. बाई महिनेच्या महिने उंबऱ्याआड, आणि सगळं ऐकीव गोष्टीवर. पुढे कुणी दोह्याहून सुटीवर आलं की ती त्याच्या घरी जाऊन बसायची. काही विचारायची नाही. तो तिथल्या उन्हाबद्दल बोलायचा ते ऐकून यायची.

"मग ते अकरा तासांवालंच दे," ती नझीरला म्हणाली.

"अम्मी," शहबाज म्हणाला, "हायवेला मुतारीला उतरत नाहीस तू. अकरा तास करशील काय?"

"उतरनार हाय मी दोह्याला. कब्रस्तानात जाऊन येईन. गाडी थांबलीच हाय तर."

गाडी थांबली की पाय मोकळे करायला उतरावं, हॉर्न वाजला की परत चढावं, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं. स्वतः कधी केलं नाही, ते आता करायचं ठरवून बसली होती. विमानतळाच्या आतून आतच दुसऱ्या विमानात जायचं असतं, बाहेरच्या दाराला पोलीस असतो, त्याला वेगळे कागद लागतात, हे नझीरनं तिथंच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा त्या दिवशी असा काही उजळला होता की त्याच्यानं बोलवलं नाही.

"बघू, खाला," तो म्हणाला. "होईल काहीतरी."

तिनं ते कबूल केल्यासारखं धरलं.

नझीरची एक पद्धत आहे. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्यांची तो त्यांच्याच घरी तालीम घेतो. रविवारी तो तुडीलला आला. पडवीतलं बाकडं झालं विमान. मधल्या खोलीत जेवणाचं टेबल आडवं लावलं, ती तपासणी. मागचं दार म्हणजे पुढचं विमान. आणि पुढच्या पायऱ्या, जिथं चपला काढलेल्या असतात, त्या म्हणजे विमानतळाबाहेरचं शहर.

"तिकडे जायचं नाही," नझीरनं बजावलं. "शहबाज, तू खुर्चीवाला. मी हवालदार. चला, विमान उतरलं. खाला, पट्टा सोडा."

"कुठला पट्टा?"

"समजा की पट्टा आहे."

खालानं पोटावरचा नसलेला पट्टा सोडला. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या, त्या तोंडाला ओढण्या लावून हसल्या. शहबाज पुढे झाला. "वेलकम मॅडम, धिस वे."

"नीट बोल, आईशी बोलतोयस."

"अम्मी, ह्या बाजूनं."

ती उठली, पर्स काखेत मारली, आणि सरळ पुढच्या पायऱ्यांकडे गेली. चपला घातल्या.

"खाला, कुठं?"

"उतरले ना?"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बाकडं, पट्टा, शहबाज. ती पुन्हा पायऱ्यांशी. तिसऱ्या खेपेला बायका हसायच्या थांबल्या. शहबाजनं नझीरला कोपऱ्यात ओढलं.

"डोक्यावर परिणाम झालाय हिच्या, नझीरभाई. परवा तव्यावर भाकरी विसरली. हिला कशी पाठवू मी?"

"विसरली नाही ती," नझीर म्हणाला.

तो पायऱ्यांशी गेला. खाला एका पायरीवर बसली होती. तिनं पर्समधून रुमालाची गाठ काढली आणि सोडून त्याच्यापुढे धरली. आत सब्ज्याचं काळं बी होतं, आमच्याकडे कबरीवर लावतात तो सब्जा.

"तिकडं रुजेल काय रे? वाळू हाय म्हनतात."

"पाणी घालणारं कोणी असलं तर रुजेल," तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला कळलं की आपण दुसऱ्यांदा तेच केलं.

त्यानं खरंच प्रयत्न केला. एक दिवसाचा व्हिसा काढता आला असता, मुक्कामाची सोय झाली असती, कुणीतरी तिला गाडीतून नेऊन आणलं असतं; पण आधी कबर सापडायला हवी होती. महाडचा एक वायरमन दोह्यात होता, त्याला फोन करून नझीरनं कब्रस्तानात पाठवलं. ज्या दोघांनी अब्बांना माती दिली होती ते दोघंही आता या जगात नव्हते. वायरमनचा फोन शुक्रवारी आला.

"नझीरभाई, सगळे दगड सारखेच आहेत. नाव एकावरही दिसत नाही. त्या वेळच्या रांगा कुठल्या हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. मी एका जागी उभा राहून फातिहा वाचली आणि आलो. म्हातारीला आणून दाखवायचं काय? नुसतं मैदान?"

त्याच संध्याकाळी नझीरला माहरुखचा फोन. शहबाजनं तिला तालमीचं सगळं सांगितलं होतं.

"भाई, दोहा नकोच. अदिस अबाबावरून तिकीट काढा. अम्मी तिथं बाहेर जायला निघाली, पोलिसांनी अडवली, घाबरली, विमान सुटलं, मग मी इथं पडून काय करू सांगा?"

"अदिसवरून जमतं. थांबाही तीन-चार तासांचाच आहे. पण खालाला सांगावं लागेल."

"सांगू नका. तिला बोर्ड वाचता येत नाही. उतरेल, खुर्चीत बसेल, दुसऱ्या विमानात चढेल. इथं आली की मी सांगेन."

"आणि तिथं कुणी गावाचं नाव घेतलं तर?"

"भाई, मला उठूनसुद्धा बसायची परवानगी नाही," माहरुख म्हणाली, आणि रडायला लागली.

नझीरनं अदिसचं तिकीट काढलं. घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस नुसतं खिशात वागवलं. लोकांना पाठवणं हा त्याचा धंदा, आणि एक चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना: परक्या विमानतळावर खुर्चीत बसलेली खाला, खुर्चीवाल्याला विचारतेय, दोहा ना हे? तो मान हलवतोय, नाही. तिच्या भाषेतलं एक माणूस जवळ नाही. घाबरट माणसाची सगळी भिस्त कुणीतरी सांगितलेल्या शब्दावर असते. तोच खोटा निघाला तर ती कशाचा आधार धरणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तुडीलला गेला. खाला पडवीत सुकट निवडत होती. तो समोर बसला आणि कुठंही न थांबता सगळं सांगून टाकलं. विमानतळाचं बाहेरचं दार, व्हिसा, वायरमन, सारखे दगड. फक्त खिशातल्या तिकिटाचं बोलला नाही.

तिचे हात थांबले नाहीत. डोकी एका बाजूला, सुकट एका बाजूला.

"तू म्हनालास, होईल काहीतरी."

"म्हणालो."

"मला वाटलं, नझीर बोलला म्हंजे झालं." मूठभर सुकट पुढे ओढून म्हणाली, "सगळे सारखेच दगड?"

"हो, खाला."

"त्या पोरानं वाचली फातिहा, ती बरी केली. कुठं उभा राहून वाचली?"

"मधे कुठंतरी."

"उन्हात?"

"उन्हातच असणार."

मांजर सुकटीपाशी आली, तिला खालानं हाताच्या पाठीनं सारलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे मी त्या गावात चार तास बसायची. आतमधे. चहा प्यायची. आनि ते तिकडं बाहेर."

नझीरनं मांजरीला पडवीबाहेर हाकललं.

"नाय जमनार रे मला. खुर्चीतनं उठेन मी, तुला सांगते. मला धरून ठेवतील, पन उठेन. दुसऱ्या वाटेनं जात नाय काय विमान?"

"जातं. अदिस अबाबा म्हणून आहे."

"तिथं आपल्यातलं कोन हाय?"

"कोणीच नाही."

"तुडीलचं, राजेवाडीचं, कुनाच्या नात्यातलं?"

"माझ्या माहितीत तर नाही, खाला."

"मग तेच दे. जिथं माझं कोन नाय तिथं मी गप बसेन. खुर्चीवाला सांगेल तसं करेन." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पुसलं. "माहरुखला सांग, आई नीट येते म्हनून. पोरीला घोर नको या दिवसांत."

नझीरचा हात खिशाकडे गेला. हवं होतं तेच तिच्या तोंडून आलं होतं. कागद काढून दाखवला असता तर काम तिथंच संपत होतं. पण तो आधीच काढलेला आहे हे तिला दिसलं असतं, आणि ते त्याला नको होतं.

"उद्या काढतो," तो म्हणाला. मग सगळ्यांना विचारतो तसं तिलाही विचारलं, "खिडकी देऊ की मधली जागा?"

"खिडकीतनं दोहा दिसेल?"

"नाही. या रस्त्यानं ते बाजूला राहतं."

"किती बाजूला?"

"लांब, खाला. खूप लांब."

"लांब कसं?" ती म्हणाली. "सकाळपर्यंत तर वाटेवर होतं."